आठवड्यातून कराड चारदा, चिपळूण दोनदा: डिझेल टेम्पोच्या जागी काय घ्यावे?

कोयनाकाठ

सर्व जाणकारांस नमस्कार.

पाटण तालुक्यात, कराड–चिपळूण रस्त्यापासून चार किलोमीटर आत, आमचा लहानसा दुग्धव्यवसाय आहे. घरच्या १४ म्हशींचे आणि भोवतालच्या वाड्यांवरून येणारे दूध मिळून खवा, पनीर आणि दही तयार होते व तो माल आम्ही स्वतःच पोहोचवतो. त्यासाठी २०१३ साली घेतलेला डिझेलवरील छोटा हत्ती आजवर पुरला. परंतु त्याच्या इंजिनाचे काम दोनदा करून झाले आहे, पासिंगच्या वेळी दरवर्षी काही ना काही निघते, आणि यंदा आमच्या फिटरने "आता यात पैसे घालू नका" असे सरळ सांगून टाकले.

फेऱ्या अशा आहेत. सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी पहाटे साडेचारला कराडकडे निघतो. वाटेतले फाटे धरून जाऊन-येऊन ८५ कि.मी. होतात. मंगळवारी आणि शुक्रवारी कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो. ती फेरी १२५ कि.मी. पडते. जाताना ५०० ते ६०० किलो माल असतो आणि येताना रिकामे क्रेट.

डिझेल पुन्हा घ्यायचे नाही एवढे घरात ठरले आहे, त्यापुढे मात्र एकमत नाही. भावाला सीएनजी हवा आहे, मुलगी विजेवरील टेम्पोचा आग्रह धरते, आणि वडिलांचे म्हणणे असे, की आपला ऊसपट्टा आहे, दोन वर्षांत सगळे इथेनॉलवर चालेल, तोवर जुनीच गाडी रेटावी. माझ्या स्वतःच्या मनात आणखी एक विचार आहे व तो हास्यास्पद असल्यास तसे स्पष्ट सांगावे: परसात गोबरगॅसचे संयंत्र आहे, निम्मा गॅस वाया जातो, त्यावर टेम्पो चालवता येईल का?

कृपया हिशेब मांडून सांगावे. पर्यावरणाची काळजी मलाही आहे, पण बँकेचा हप्ता तिच्यातून भरता येत नाही.

घाटवळण

आपण फेऱ्यांचे अंतर, वजन आणि दिशा तिन्ही दिलीत, याबद्दल आभार. बहुतेक प्रश्नकर्ते केवळ "कोणती गाडी चांगली" एवढेच विचारतात आणि त्याला कोणाचेच उत्तर बरोबर ठरत नाही.

मी तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवतो. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो लिटर, किलो आणि युनिट या तीन मापांमुळे, म्हणून मी सर्व इंधने आधी विजेच्या युनिटात मोजायला लावतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९, एक लिटर इथेनॉलमध्ये जेमतेम ६, आणि एक किलो सीएनजीमध्ये साडेतेराच्या आसपास. आता चाकापर्यंत यातले किती पोहोचते ते पाहावे. लहान डिझेल इंजिन रस्त्यावरच्या वापरात पाव हिश्श्याहून थोडे अधिक काम करून दाखवते, पेट्रोल आणि सीएनजीवरील इंजिन पावाच्या थोडे खाली राहते, आणि बाकी सर्व उष्णता होऊन रेडिएटर व सायलेन्सरवाटे निघून जाते. विजेच्या गाडीत मात्र भिंतीवरील प्लगमधून घेतलेल्या शंभर युनिटांपैकी पंचाहत्तर-ऐंशी चाकाशी पोहोचतात. आपल्या प्रश्नाचा गाभा या फरकात आहे.

आपल्या वजनाच्या टेम्पोसाठी मी असे धरतो: डिझेल लिटरला १७ कि.मी., सीएनजी किलोला १९ कि.मी., पेट्रोल लिटरला १३ कि.मी., आणि वीज किलोमीटरला ०.२२ युनिट, यात चार्जिंगमधील तूट आली. डिझेल व सीएनजी दोन्ही ९० रुपये, पेट्रोल १०४ रुपये आणि वीज युनिटला १० रुपये धरल्यास किलोमीटरला अनुक्रमे ५.३०, ४.७५, ८ आणि २.२० रुपये पडतात. आपल्या आठवड्याच्या फेऱ्या ५९० कि.मी. होतात, म्हणजे सणवार वजा जाता वर्षाला ३०,००० कि.मी. डिझेलऐवजी सीएनजी घेतल्यास वर्षाला १६ ते १७ हजार वाचतात. वीज घेतल्यास ९० हजारांच्या वर. आपला वीजदर किंवा पंपावरील भाव वेगळा असल्यास आकडे बदलून पाहावेत, क्रम बहुधा बदलणार नाही.

परंतु हा हिशेब केवळ इंधनाचा झाला. गाडीची किंमत, बॅटरीचे आयुष्य आणि चिपळूणची फेरी या तीन गोष्टी त्यात नाहीत, आणि खरी अडचण तिसरीत आहे. त्याबद्दल सवडीने लिहितो. हायड्रोजनचा विषय आपल्या घरात कोणी काढला नाही हे बरे झाले, नाहीतर उत्तर दुप्पट लांबले असते.

गाळप_हंगाम

आपल्या वडिलांच्या मुद्द्याला उत्तर देण्याचा अधिकार मला थोडासा आहे, कारण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत २२ वर्षे काढली आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगून असेही सांगावे, की इथेनॉलसाठी जुनी गाडी रेटू नये.

पहिली गोष्ट अशी, की इथेनॉल हे डिझेल इंजिनाचे इंधन नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटावे लागते, आणि इथेनॉल तसे पेटायला फार नाखूश असते. ते पेट्रोल इंजिनात शोभते, कारण त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे आणि ठोका न देता ते जास्त दाब सोसते. म्हणजे वडील म्हणतात ती गाडी ही मुळात पेट्रोल जातीची हवी. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर शुद्ध इथेनॉलच्या गटातील इंधन विकायला सुरुवात झाली आणि ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलवर चालणाऱ्या एक-दोन दुचाकी बाजारात आल्या, पण आपल्या वजनगटातील मालवाहू टेम्पो आज दुकानात मागून मिळत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश असल्यामुळे इथेनॉल पेट्रोलच्या दोन तृतीयांश दरात मिळाले तरच बरोबरी होते. तेल कंपन्या मक्यापासून केलेले इथेनॉल लिटरला ७१.८६ रुपये देऊन घेतात. कर आणि वाहतूक न धरताही ते एक लिटर पेट्रोलच्या तोलाचे करायला सुमारे १०८ रुपये लागतात. उच्च दाबाच्या खास इंजिनात हा तोटा काहीसा भरून निघतो हे खरे, पण पुरता नाही.

तिसरी गोष्ट पुरवठ्याची, आणि हीच मला महत्त्वाची वाटते. एक टन उसापासून नेहमीप्रमाणे साखर काढून उरलेल्या सी हेवी मळीचे इथेनॉल केले, तर साधारण १० ते ११ लिटर मिळते. साखर न काढता सगळा रसच आंबवला, तर ७० लिटरच्या आसपास. त्यामुळे देशात इथेनॉल किती होणार हे साखरेचे काय करायचे यावर ठरते, आणि साखरेचे काय करायचे हे पाऊस व निवडणुका यांवर. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन जोरात असताना, रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठ-दहा दिवसांत ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सैल करण्यात आली आणि पुढच्या हंगामासाठी उठलीही. पण त्या आठवड्यात आमच्या आवारात भरलेल्या टाक्यांकडे पाहत उभे असलेले लोक मी विसरलेलो नाही. त्यानंतर देशातील इथेनॉलमध्ये धान्याचा, विशेषतः मक्याचा, वाटा उसापेक्षा मोठा झाला. तेव्हा "आपला ऊसपट्टा आहे" हा आधारही पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

ब्राझीलचे उदाहरण सगळे देतात, ते अर्धवट देतात. तेथे १९७५ मध्ये मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९७९ पासून केवळ मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारी विकल्या गेल्या, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ तशाच होत्या. मग साखरेचा भाव चढला, तेल स्वस्त झाले, आणि १९८९-९० मध्ये मोटारी आहेत पण पंपावर मद्यार्क नाही अशी वेळ आली. ग्राहकांचा विश्वास परत यायला २००३ साल उजाडले, आणि तोही पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालवून घेणाऱ्या इंजिनामुळे. ज्याचा माल पहाटे सहाला दुकानात पोहोचावाच लागतो, त्याने एकाच इंधनाच्या भरवशावर राहताना हे लक्षात ठेवावे.

जाता जाता: घरात जुनी कार्ब्युरेटरची मोटारसायकल असेल, तर तिला आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोलच मिळते आहे. पावसाळ्यात तिची टाकी अर्धी रिकामी ठेवून आठवडेच्या आठवडे उभी करू नये. इथेनॉल हवेतील ओल ओढते, ती ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि इंधनाची नळी तळातूनच निघते.

दाबमापक

सीएनजीच्या बाजूनेही कोणी बोलायला हवे. माझे दोन टेम्पो सीएनजीवर सातारा–कराड भागात चालतात आणि मी त्यांच्यावर नाराज नाही. पण ते महामार्गावर आहेत, आपण नाही. बोलण्याजोगा फरक मला त्यातच दिसतो.

गॅस टाकीत २०० बार दाबाने भरतात. ६० लिटर पाणी मावणाऱ्या टाकीत कागदोपत्री १० किलो गॅस मावायला हवा; प्रत्यक्षात आठ-साडेआठ किलो मिळाला तर दिवस चांगला समजावा. झपाट्याने भरताना टाकीतला गॅस तापतो, तापलेला गॅस फुगतो, काटा २०० दाखवतो आणि घरी पोहोचून टाकी निवल्यावर तोच काटा १७० वर आलेला असतो. मुख्य गॅसवाहिनीवरच्या पंपाला आम्ही मदर म्हणतो. तेथे दाब कायम असतो. वाहिनीपासून दूर असलेल्या पंपांवर गॅस ट्रकवरील टाक्यांच्या जुडग्यातून येतो, त्यांना डॉटर म्हणतात. ट्रक नुकताच आलेला असेल तर गॅस भरभर मिळतो. जुडगे उतरत चालले असेल तर १४०-१५० वरच काटा थांबतो आणि मागच्या रांगेतला माणूस हॉर्न वाजवू लागतो. आपण घर ते कराड या रस्त्यावरील कोणता पंप कोणत्या जातीचा आहे आणि पहाटे पाचला तेथे रांग किती असते, हे तीन दिवस स्वतः जाऊन पाहावे. गाडीच्या माहितीपत्रकापेक्षा त्या तीन पहाटा अधिक सांगतील.

आणखी दोन गोष्टी. पेट्रोल इंजिन सीएनजीवर चालते तेव्हा गॅस स्वतःच हवेची जागा अडवतो, म्हणून जोर साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. घाटात हे जाणवते, रिकाम्या गाडीलाही. आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती चुकवू नये. एवढ्या दाबाशी थट्टा करू नये.

आता गोबरगॅस. प्रश्न हास्यास्पद मुळीच नाही, कारण सीएनजी आणि गोबरगॅस यांच्यातला कामाचा वायू एकच आहे, मिथेन. १४ म्हशींचे दिवसाचे १६०-१७० किलो शेण धरले आणि किलोमागे सुमारे ४० लिटर गॅस धरला, तर साडेसहा घनमीटर गॅस होतो. त्यात मिथेन ५५ ते ६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड, जो सडक्या अंड्यासारखा वास देतो व धातू खातो. शुद्ध मिथेन वेगळा काढला, तर अडीच किलो भरेल, म्हणजे घाटवळण यांच्या मापाने जवळजवळ ४७ कि.मी. कराडच्या अर्ध्याहून अधिक फेरी शेणावर! कागदावर हे वाचून मीही एकदा भुललो होतो.

पण तो गॅस धुऊन, वाळवून, चार टप्प्यांच्या कॉम्प्रेसरने २०० बारला न्यावा लागतो, आणि अशा दाबाच्या टाक्या भरण्यासाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या नियमांतून जावे लागते. साखर कारखान्यांना प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, हे परवडते, २०१८ पासून केंद्राची 'सतत' नावाची योजना त्यासाठीच आहे. १४ म्हशींच्या गोठ्याला परवडत नाही. घरगुती कॉम्प्रेसर विकणारे भेटतील, त्यांना चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

त्याऐवजी तो गॅस खव्याच्या भट्टीखाली लावावा. तेथे धुण्याची, दाबण्याची गरज नाही. साडेसहा घनमीटर गोबरगॅसची उष्णता तीन किलो एलपीजीएवढी होते. त्यातला निम्मा वाया जातो म्हणता, तर तेवढा निम्मा वापरला तरी बारा-तेरा दिवसांत एक १९ किलोची व्यावसायिक टाकी वाचली. आपण शोधत होता ते टेम्पोचे पैसे कढईखाली सापडतील.

बिनआवाजी

मी मिरज, सांगली आणि जयसिंगपूर या पट्ट्यात बेकरीचा माल पोहोचवतो आणि अडीच वर्षांपासून विजेवरील चारचाकी टेम्पो वापरतो. माझा रस्ता सपाट आहे, त्यामुळे घाटाबद्दल बोलणार नाही.

माझ्या गाडीची बॅटरी सुमारे २१ युनिटची आहे. कागदावरचा पल्ला दीडशेच्या वर लिहिला आहे; भरल्या गाडीने, दर दोन किलोमीटरला थांबत, मला १०० ते ११० मिळतात. खरेदीपूर्वी कागदावरील आकड्याचे दोन तृतीयांश करावेत आणि त्यावर फेरी बसते का ते पाहावे. कराडची आपली ८५ कि.मी.ची फेरी बसते, चिपळूणची १२५ कि.मी.ची बसत नाही, हे स्पष्टच आहे.

देखभालीत तेलबदल नाही, क्लच नाही, सेल्फची कुरकुर नाही. ब्रेकचे लायनर अजून मूळचे आहेत. खरेदीवर जीएसटी ५ टक्के लागतो, तर सप्टेंबर २०२५ मध्ये दर उतरल्यानंतरही डिझेल व सीएनजीच्या मालवाहू गाड्यांवर तो १८ टक्के आहे. तरीही बॅटरीमुळे गाडी महागच पडते. माझ्या वेळी फरक तीन लाखांच्या आसपास होता आणि तो इंधनातून भरून यायला चार वर्षे लागतील असे दिसते. त्यामुळे वॉरंटीच्या कागदावर "वर्षे" आणि "किलोमीटर" यांतील जे आधी पूर्ण होईल ते धरतात, ही ओळ भिंग लावून वाचावी. आपले वर्षाचे ३०,००० कि.मी. पाहता किलोमीटरच आधी संपतील.

आता कटू भाग. पहिल्या पावसाळ्यात गाडीतला चार्जर बंद पडला. कार्यशाळा ६० कि.मी. दूर, सुटा भाग त्यांच्याकडे नाही, गाडी नऊ दिवस उभी. डिझेल गाडी बिघडली असती तर चौकातल्या फिटरने रात्रीत काही तरी जुगाड करून सकाळी रस्त्यावर आणली असती. येथे तो फिटरही लांबूनच नमस्कार करतो. नऊ दिवस भाड्याच्या टेम्पोने माल नेला आणि त्या महिन्याची बचत तेथेच गेली. आपल्या तालुक्यापासून अधिकृत कार्यशाळा किती दूर आहे आणि बंद गाडीच्या काळात पर्यायी गाडी देतात का, हे लेखी विचारून घ्यावे.

गावातल्या विजेबद्दलही सांगतो. सव्वातीन किलोवॅटने रिकामी बॅटरी भरायला साडेसहा ते सात तास लागतात. आपण साडेचारला निघता, म्हणजे रात्री साडेनऊला गाडी लावावी लागेल आणि त्या सात तासांत वीज गेली नाही पाहिजे. पंधरा अँपिअरच्या प्लगपर्यंत स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारे बटण) आणि पक्के अर्थिंग हे तिन्ही करून घ्यावे, आणि महावितरणकडून मंजूर भार आधी वाढवून घ्यावा.

जुना_डेपो

चर्चा चांगली चालली आहे, त्यात एका म्हाताऱ्याची भर. मी एसटीच्या कार्यशाळेत ३४ वर्षे होतो आणि माझे वडील त्याआधी, खासगी मोटार कंपन्यांच्या काळात, मोटारीवर क्लीनर होते. पेट्रोलला पर्याय शोधण्याची वेळ तेव्हाही आली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेले आणि मोटारींना मागच्या बाजूला कोळशाच्या गॅसचे उभे पिंप जोडले गेले. त्यात लोणारी कोळसा कमी हवेत धुमसवायचा, निघालेला कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन गाळून इंजिनात सोडायचा. त्या गॅसमध्ये निम्मा भाग नायट्रोजनच असे, म्हणून इंजिनाचा जोर जवळजवळ निम्म्यावर येई. वडील सांगत, की पहाटेच्या गाडीसाठी क्लीनरने अर्धा तास आधी उठून हाताने पंखा फिरवायचा, आणि चढावर उतारूंनी खाली उतरून चालायचे. कोणी तक्रार करत नसे, कारण दुसरी गाडीच नव्हती. युद्ध संपले, पेट्रोल सुटले, आणि ती पिंपे दोन-तीन वर्षांत भंगारात गेली.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की गाडी चालण्याआधी आणि थांबल्यानंतर माणसाला किती तास तिची सेवा करावी लागते, हे किलोमीटरच्या हिशेबात येत नाही. सीएनजीची रांग, विजेचे सात तास, हे त्यात धरावे. आपण साडेचारला निघता, तर तीनला उठता असणार. आणखी अर्धा तास कोठून आणणार, तेवढे घरच्यांना विचारावे.

घाटवळण

कबूल केल्याप्रमाणे कुंभार्लीचा हिशेब.

ढोबळमानाने ५०० मीटर उतार धरतो. गाडी १,२०० किलो आणि माल ६०० किलो, असे १,८०० किलो वजन तेवढे खाली उतरते तेव्हा अडीच युनिटाच्या आसपास ऊर्जा सुटते. डिझेल गाडीत ती ब्रेकच्या लायनरमध्ये जळते आणि घाटाच्या पायथ्याशी आपल्याला त्याचा वास येतो. विजेच्या गाडीत उतारावर मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्यातले सव्वा ते दीड युनिट बॅटरीत परत जाते. परतताना गाडी रिकामी, म्हणून तोच घाट चढायला वजनापोटी दोन युनिट पुरतात. आपण भरून उतरता आणि रिकामे चढता, ही विजेच्या दृष्टीने दुर्मीळ सोय आहे. चिपळूणहून मासळी भरून वर येणाऱ्याला ती मिळणार नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणीही त्याच कड्याच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात उतरून वीज करते, तेव्हा आपला टेम्पो कोयना प्रकल्पाची फार लहान आवृत्ती समजायला हरकत नाही. अर्थात आपल्या प्लगात येणारी वीज तेवढ्यामुळे जलविद्युत होत नाही. राज्याची बरीचशी वीज अजून दगडी कोळशाची आहे.

पण येथेच फसगत होते. उतरून चिपळूणला पोहोचल्यावर काटा अपेक्षेपेक्षा बरा दिसेल आणि "सहज परत जाऊ" असे वाटेल. परतीचा चढ मात्र बॅटरीच्या उत्तरार्धात येतो. पूर्ण फेरीला बॅटरीतून २१ ते २२ युनिट लागतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे २१ युनिटच्या बॅटरीत ती बसत नाही. चिपळुणात माल उतरवताना दोन तास साध्या प्लगवर गाडी लावता आली तर सहा युनिट भरतील आणि फेरी निर्धास्त होईल. तेथे आपले ग्राहक कोण आहेत? कोणाच्या गोदामात पंधरा अँपिअरचा प्लग मिळेल का? सगळा निर्णय या एका प्लगावर येऊन थांबतो असे मला दिसते.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे छापून घरात वाचून दाखवली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "डिसेंबरातली ती बंदी मला आठवते." इथेनॉलचा विषय तेथे संपला.

दाबमापक यांच्या सांगण्याप्रमाणे तीन पहाटा पंपावर जाऊन आलो. एकदा गॅस लगेच मिळाला, एकदा ४० मिनिटे थांबलो, एकदा ट्रक आलेलाच नव्हता. भाऊ माझ्या सोबत होता, त्यामुळे मला काही बोलावे लागले नाही.

चिपळूणमधील आमचा मोठा ग्राहक मिठाईचे दुकान चालवतो. त्याच्या मागच्या खोलीत शीतकपाटासाठी जोडलेला पंधरा अँपिअरचा प्लग आहे आणि युनिटला १२ रुपये देण्याच्या बोलीवर तो मंगळवारी-शुक्रवारी दोन तास वापरू देण्यास तयार आहे. विजेवरील टेम्पोची कार्यशाळा कराडमध्ये असल्याचे विक्रेत्याने लेखी दिले. पर्यायी गाडीबद्दल मात्र तोंडीच "बघू" म्हणाला, म्हणून जुना छोटा हत्ती विकत नाही, पुढचे पासिंग येईपर्यंत अडीअडचणीला ठेवतो. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज दिला आहे. खव्याच्या भट्टीला गोबरगॅसची नळी कालच जोडली; ज्योत निळी येते, पण पहिल्या घाण्याला नेहमीपेक्षा वीस मिनिटे जास्त लागली.

शेवटची एक शंका. गाडी रात्री उभी करायला छप्पर असलेली जागा गोठ्याच्या पडवीतच आहे. चार्जिंगचा बोर्ड तेथे लावला तर चालेल का?

बिनआवाजी

गोठ्यात लावू नये. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांबे आणि पितळ खातो. वर्षभरात प्लगचे संपर्क हिरवे पडतील, सैल होतील आणि सात-सात तास चौदा अँपिअर वाहताना तापतील. शिवाय पेंडीमुळे तेथे उंदीर असणारच, आणि त्यांना नव्या वायरींची चव फार आवडते. पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर, पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला, झाकणाच्या पेटीत बोर्ड बसवावा आणि तिथवर लोखंडी पाइपातून वायर न्यावी. गाडी पडवीत तोंड बाहेर करून उभी केल्यास चार्जिंगची केबल पुरते.

भट्टीच्या ज्योतीबद्दल: एलपीजीचा बर्नर तसाच ठेवला आहे का? गोबरगॅसला त्याची छिद्रे लहान पडतात. जेट मोठे करून घ्यावे, ती वीस मिनिटे बहुधा तेथेच अडकली आहेत.